गरजेपुरती ओळख

सोलापुरातल्या एका भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. तिथल्या काही पत्त्यांवर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे लिहिलेले असते आणि त्या ‘फ्री’मागे मोठा इतिहास आहे. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी अशा जमातींतल्या माणसांची नावे सरकारी वहीत चढवायची, त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचे आणि त्यांना नेमून दिलेल्या वसाहतीत ठेवायचे, असे अधिकार प्रशासनाला मिळाले. मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक सोलापुरात होती. माणसे कापडगिरण्यांत कामाला जात, पण हजेरी चुकवता येत नसे आणि परवान्याशिवाय कुंपणाबाहेर राहता येत नसे. गुन्हेगार जमातींचा कायदा देशभरातून रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ हा दिवस उजाडावा लागला.

त्याच शहरात नोंदीचा एक दुसरा प्रकार पाहायला मिळतो. घरी विड्या वळून कारखान्यात देणाऱ्या हजारो बायका, त्यांतल्या बहुसंख्य तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या, विडी कामगार म्हणून ओळखपत्र बाळगतात. १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्यानंतर दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, घरकुल या साऱ्यांची वाट या कार्डावरून जाऊ लागली. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती ‘आम्ही कामगार आहोत’ हे कागदावर सिद्ध करता आले म्हणून. कार्ड नसेल तर बाई आयुष्यभर विड्या वळूनही कागदोपत्री कामगार ठरत नाही.

दोन्हीकडे कृती एकच आहे : नाव लिहिणे, अंगठा घेणे, क्रमांक देणे. एका नोंदीने माणसे कोंडली, दुसरीने त्यांना हक्क दिला. वही कोणाच्या ताब्यात आहे, तिच्यात काय काय लिहिले आहे आणि ती उघडून दाखवायची की नाही हे कोण ठरवतो, या तीन गोष्टींवर हा फरक उभा आहे. डिजिटल ओळख, ब्लॉकचेन आणि खासगीपणा यांवरचे हे पुस्तक याच तीन प्रश्नांभोवती फिरते. तंत्र नवे आहे, प्रश्न सोलापूरला चांगले परिचयाचे आहेत.

ओळख पटवण्याच्या शास्त्राचा बराचसा जन्म हिंदुस्थानातच झाला. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाची जी पद्धत बसवली, ती जगभर एडवर्ड हेन्री या साहेबाच्या नावाने चालली. राज्यकर्त्याला रयत एकमेकांपासून वेगळी ओळखता यावी, हा त्या शास्त्राचा हेतू होता. रयतेला राज्यकर्त्यापुढे काय लपवता यावे, हा विचार त्यात नव्हता.

याला समांतर अशी लोकांची आपली व्यवस्थाही होती. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी आहेत. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात फिरणारे हेळवी लोक घराण्यांची नावनिशी सांगत आले. या वह्यांना मध्यवर्ती कार्यालय नव्हते. विश्वास होता तो त्या वही राखणाऱ्या घराण्यावर. ब्लॉकचेनवाले जिला विकेंद्रित नोंद म्हणतात, तिची आठवण इथे होते खरी, पण साम्य अर्धेच आहे. हेळव्याची वही कोणी पाहावी हे हेळवी ठरवतो. सार्वजनिक ब्लॉकचेन मात्र कोणीही, कधीही, कुठूनही वाचू शकतो. खासगीपणाचा सगळा पेच या फरकातून निघतो.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात पडताळणीचा सर्वांत मोठा अनुभव जातीच्या दाखल्याचा. खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट झाल्यावर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात छाननी समित्यांची चौकट घालून दिली. राज्याने पुढे त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांची नोंद सरकारने बोटांच्या ठशांसकट ठेवली होती, त्यांच्याच नातवंडांना आता १९६१ पूर्वीचा कागद शोधत शाळा आणि तहसील पालथे घालावे लागतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर मोडी लिपी वाचणाऱ्यांना सुगीचे दिवस आले. जुना, कोणीही न बदललेला कागद केवढा मोलाचा असतो, हे त्या वर्षी महाराष्ट्राला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

आता २००९ च्या जानेवारीकडे वळू. ३ जानेवारीला सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या व्यक्तीने किंवा गटाने बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार केला. २८ जानेवारीला भारत सरकारने आधार देणारे विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन केले. एकाच महिन्यात ओळखीच्या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे मिळाली. बिटकॉइनचे म्हणणे असे की व्यवहार करायला तुम्ही कोण आहात हे कोणाला कळायची गरज नाही. चावी तुमच्याकडे आहे एवढे सिद्ध झाले की पुरे. आधारचे म्हणणे असे की तुम्ही कोण आहात हे एका मध्यवर्ती यंत्रणेला पक्के ठाऊक असले, की बाकी कोणालाही ते क्षणात विचारून घेता येईल. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला देशातली पहिली आधार कार्डे वाटली गेली. बिटकॉइनची वाटचाल त्या वेळी मूठभर संगणकवेड्यांपुरती होती. गेल्या पंधरा वर्षांचा या क्षेत्राचा इतिहास म्हणजे ही दोन टोके एकमेकांकडे कशी सरकत गेली याचा इतिहास.

बिटकॉइन शून्यातून उगवले नव्हते. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी जोडचावीची कल्पना मांडली : एक चावी जगाला सांगायची, दुसरी स्वतःपाशी ठेवायची. डिजिटल स्वाक्षरी त्यातूनच आली. महाराष्ट्रात सातबारा उतारा तलाठ्याच्या सहीशिवाय ग्राह्य धरला जाऊ लागला, तो याच स्वाक्षरीमुळे. १९८५ साल विशेष महत्त्वाचे. त्या वर्षी डेव्हिड चॉम यांनी ओळख न सांगता सुरक्षित व्यवहार कसे करता येतील याचा आराखडा दिला. त्याच वर्षी गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी झिरो-नॉलेज प्रूफची कल्पना सिद्ध केली. एखादे विधान खरे आहे हे समोरच्याला पटवायचे, पण ते खरे असण्यापलीकडे त्याला काहीही कळू द्यायचे नाही, अशी ही रीत. १९९१ मध्ये हेबर आणि स्टॉर्नेटा यांनी कागदपत्रांवर तारखेचा न पुसता येणारा शिक्का उमटवण्यासाठी नोंदींची साखळी सुचवली. ब्लॉकचेनचा सांगाडा त्यांचाच.

ही साखळी करते तरी काय? कुठल्याही फाइलचे गणिताने ठरावीक लांबीच्या आकड्यात रूपांतर करता येते. त्याला हॅश म्हणतात. फाइलमधला एक काना बदलला तरी हॅश पार बदलतो आणि हॅशवरून फाइल उलट तयार करता येत नाही. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, आधीच्या गठ्ठ्याचा हॅश ठेवला आणि साऱ्या नोंदीची प्रत हजारो संगणकांवर ठेवली, की जुनी नोंद गुपचूप बदलणे जवळपास अशक्य होते. साखळीचे वचन एवढेच आहे. हे वचन मोठे आहे, पण त्यात नोंद खरी असल्याची हमी नाही, ती करणारा प्रामाणिक असल्याची नाही आणि ती गुप्त राहील याचीही नाही.

या पायावर ओळखीच्या निरनिराळ्या विचारधारा उभ्या राहिल्या. पहिली केंद्रीय धारा : शासन नोंद ठेवते, विचारणाऱ्याला उत्तर देते. दुसरी मध्यस्थांची : गूगलच्या खात्याने दुसऱ्या संकेतस्थळावर शिरणे हा तिचा व्यापारी अवतार. २०१५ मध्ये आलेले डिजिलॉकर काही अंशी तिचा सरकारी भाऊबंद. तिसरी धारा स्वाधीन ओळखीची. २०१६ मध्ये ख्रिस्तोफर ॲलन यांनी तिची दहा तत्त्वे मांडली. विद्यापीठ पदवी देते, तहसीलदार दाखला देतो, दोन्हींवर डिजिटल स्वाक्षरी असते आणि ते दाखले धारकाच्या मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये राहतात. पडताळणारा स्वाक्षरी तपासतो, देणाऱ्याला विचारायला जात नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने अशा दाखल्यांचे मानक २०१९ मध्ये आणि विकेंद्रित ओळखक्रमांकांचे २०२२ मध्ये प्रसिद्ध केले.

चौथी धारा सुरू होते ती एका जुन्या दुखण्यापासून. कोणालाही कितीही चाव्या काढता येतात. मग एकाच माणसाने हजार तोंडे धारण केली तर मतदान किंवा मदतवाटप कसे करायचे? २००२ मध्ये जॉन डूसर यांनी दाखवून दिले की मध्यवर्ती अधिकार नसेल तर हे पूर्ण थांबवता येत नाही. त्यावर उपाय म्हणून वर्ल्डकॉइन या प्रकल्पाने डोळ्यांच्या बुबुळांचे चित्र घेण्याचा मार्ग धरला. २०२३ मध्ये तो अधिकृतपणे सुरू झाला आणि काही दिवसांतच केनियाने त्याला स्थगिती दिली. विकेंद्रित म्हणवणारी व्यवस्था पुन्हा शरीराच्या खुणांपाशी येऊन थांबली. त्याआधी २०२२ मध्ये इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनचे सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन आणि त्यांच्या सहलेखकांनी दुसऱ्याला देता न येणाऱ्या, माणसाला चिकटलेल्या टोकनांची कल्पना मांडली होती. सार्वजनिक साखळीवर आयुष्यभराची प्रमाणपत्रे चिकटवणे म्हणजे कपाळावर गोंदवणे नाही का, हा आक्षेप तेव्हापासून तिच्या मागे आहे.

पाचवी धारा झिरो-नॉलेजची. आज तिच्यात सर्वाधिक जीव आहे. आधारच्या क्यूआर कोडवर प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. २०२३ पासून इथेरियमच्या वर्तुळात ‘अनॉन आधार’ या नावाने एक प्रयोग चालू आहे. आपल्याकडे खरे आधार आहे किंवा आपले वय अठराच्या वर आहे एवढेच सिद्ध करायचे, क्रमांक, नाव, पत्ता काही उघड करायचे नाही. २००९ च्या जानेवारीतली दोन टोके इथे प्रत्यक्ष जोडली जातात.

महाराष्ट्राने या क्षेत्रात पाऊल टाकले ते गडचिरोलीत. २०२२ मध्ये एटापल्लीच्या प्रशासनाने लेजिटडॉक या कंपनीच्या साहाय्याने सुमारे ६५,००० जातीच्या दाखल्यांचे हॅश पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनवर नोंदवले. त्याआधी राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने प्रमाणपत्रांसाठी इथेरियमचा मार्ग धरला होता. दाखल्यावरचा क्यूआर कोड तपासला की तो कार्यालयाने दिलेलाच आहे आणि नंतर त्यात फेरफार झालेला नाही, हे कुठूनही कळते. बनावट दाखल्यांचा इतिहास पाहता हा लाभ लहान नाही. मात्र छाननी समितीचे काम या प्रयोगाने संपत नाही. लाच देऊन काढलेला दाखला साखळीवर चढला तर तोही तितकाच अढळ होतो.

खासगीपणाच्या अडचणी याहून अवघड आहेत. ‘आम्ही साखळीवर माहिती ठेवत नाही, फक्त हॅश ठेवतो’ हे वाक्य प्रत्येक सादरीकरणात ऐकू येते. ते अर्धे खरे आहे. आधार क्रमांक बारा अंकी. तो शून्याने किंवा एकाने सुरू होत नाही आणि शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून ठरतो. म्हणजे शक्यता उरतात जेमतेम आठ हजार कोटी. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, पण एक चांगले ग्राफिक्स कार्ड या साऱ्यांचे हॅश काही मिनिटांत काढून मोकळे होते. हॅश उलटवता येत नसला तरी सगळे पर्याय करून पाहता येतात. नुसत्या क्रमांकाचा हॅश साखळीवर ठेवणे म्हणजे क्रमांकच ठेवण्यासारखे आहे. त्यात गुप्त, यादृच्छिक भर घातली तरच तो तग धरतो.

दुसरी अडचण धाग्यादोऱ्यांची. बिटकॉइन निनावी आहे हा समज कधीच खरा नव्हता. त्यातला प्रत्येक व्यवहार उघडा असतो, फक्त नावाच्या जागी पत्ता असतो. मार्च २०२३ पासून भारतातल्या आभासी चलनाच्या बाजारपेठा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आणि त्यांना ग्राहकाची केवायसी सक्तीची झाली. एकदा पत्त्याला नाव जुळले की मागचा-पुढचा सगळा हिशेब उलगडतो. तिसरी अडचण पुसण्याची. युरोपच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनी आणि भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती काढून टाकायला सांगण्याचा हक्क दिला. साखळीचा सारा अभिमान मात्र काहीच न पुसण्याचा. म्हणून वैयक्तिक माहिती साखळीवर ठेवूच नये, याच दिशेने जाणकारांचे मत झुकत चालले आहे.

चौथी अडचण सोलापुरात चटकन समजेल. खासगी चावी हरवली की ओळख हरवली. ‘तुमची चावी, तुमची मालकी’ ही घोषणा ज्याच्याकडे स्वतःचा फोन आहे, त्याला शोभते. एका घरात एकच फोन, तोही मुलाच्या हातात आणि ओटीपी शेजारणीला विचारून सांगायचा, अशा घरातल्या बाईची चावी कोणाकडे असेल? अंगठ्याची कथाही निराळी नाही. वर्षानुवर्षे विड्या वळणाऱ्या, माग चालवणाऱ्या हातांवरच्या रेषा झिजतात आणि पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर ठेवलेला अंगठा लागत नाही. माणूस समोर जिवंत बसलेला असताना यंत्र नाही म्हणते. केंद्रीय असो की विकेंद्रित, यंत्राने नाकारलेल्या माणसाने कोणाकडे दाद मागायची, याचे उत्तर गणितात नसते.

कायद्याने यात मोलाची भर घातली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबरला आधार बहुमताने वैध ठरले, पण खासगी कंपन्यांना ते मागण्याची वाट देणारी तरतूद गेली. न्यायमूर्ती चंद्रचूड यांचे त्या निकालातले विरोधी मत आजही या विषयाच्या अभ्यासकाने वाचलेच पाहिजे असे आहे. विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यांतल्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

हा विषय आत्ताच का, याचे उत्तर या घडामोडींत आहे. युरोपीय संघाने आपल्या सदस्य देशांना २०२६ अखेरपर्यंत नागरिकांना डिजिटल वॉलेट देण्याचे बंधन घातले आहे आणि त्यासाठी ब्लॉकचेनची सक्ती केलेली नाही. भूतानने २०२३ मध्ये स्वाधीन ओळखीच्या तत्त्वावर राष्ट्रीय डिजिटल ओळख सुरू केली. आधारच्या नव्या ॲपमध्ये निवडक माहितीच दाखवण्याची सोय आली. म्हणजे चॉम यांनी चाळीस वर्षांपूर्वी मांडलेली कल्पना आता शासनांच्या निविदांत उतरते आहे. ती कशी उतरेल हे ठरण्याचा काळ हाच.

एक साधे उदाहरण घेऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या मुख्य अटींत दोन आकडे होते : वय २१ ते ६५ च्या दरम्यान आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. दोन्हींचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच आहे. ते देण्यासाठी मात्र सेवा केंद्राच्या टेबलावर आधार, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक यांच्या झेरॉक्सची चळत जमते. झिरो-नॉलेज पुराव्याला ‘होय’ एवढेच सांगता येते. असे करायला आज गणित आडवे येत नाही. आडवी येते ती विचारणाऱ्याची सवय. जास्तीचे मागून ठेवायला त्याला काही खर्च येत नाही.

म्हणूनच या पुस्तकाने ब्लॉकचेनची आरती ओवाळलेली नाही आणि तिला आभासी चलनाच्या सट्ट्यासोबत निकालातही काढलेले नाही. ‘साखळी हवी की नको’ या वादाआधी तीन गोष्टी तपासायची सवय वाचकाला लागावी, असा त्याचा प्रयत्न आहे : किती विचारले जाते, विचारल्याची नोंद कोणाकडे राहते आणि चूक झाली तर कोण जबाबदार. काही ठिकाणी या तपासणीत साखळी खरी उतरते, विशेषतः जिथे दाखले देणारी कार्यालये अनेक आहेत आणि एकमेकांवर विश्वास नाही. काही ठिकाणी साधी डिजिटल स्वाक्षरी तेच काम स्वस्तात करते. काही ठिकाणी कुठलेच तंत्र पुरत नाही, तिथे ऐकून घेणारा माणूस बसवावा लागतो.

पुस्तक लिहिताना वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत ते अभियांत्रिकीचे विद्यार्थी, दिवसाला शेकडो अंगठे घेणारे सेवा केंद्रचालक, तहसीलमधले लिपिक, कामगार संघटनांचे कार्यकर्ते आणि ज्यांच्या कामात पक्षकाराची ओळख शाबीत करावी लागते ते वकील. गणित लागेल तिथे ते पायरीपायरीने उलगडले आहे. ज्याला ते टाळायचे आहे, त्याचा धागा तुटणार नाही एवढी काळजी घेतली आहे. संकल्पनांना शक्य तिथे चालू मराठी शब्द वापरले आहेत. हॅश, वॉलेट, ओटीपी यांना मात्र हात लावलेला नाही, कारण ते आता आपलेच झाले आहेत. उदाहरणे शक्यतो इथली घेतली, कारण बर्लिनच्या विद्यार्थ्यासाठी आखलेले वॉलेट आणि कुंभारीच्या विडी कामगार बाईला पेलेल असे वॉलेट यांत पडद्याच्या भाषेपासून चावी परत मिळवण्याच्या सोयीपर्यंत सगळेच वेगळे असावे लागते.

सगळ्यांत कमी चर्चा होते ती नकाराची. चांगली ओळखव्यवस्था ‘हो’ सांगताना सोपी असतेच. तिची खरी परीक्षा माणसाला ‘एवढे मी सांगणार नाही’ असे म्हणता येते का आणि तसे म्हटल्यावरही त्याचे धान्य, पेन्शन, दाखला चालू राहतो का, यात आहे. आज आपल्याकडच्या कुठल्याच व्यवस्थेत हे पूर्णपणे शक्य नाही, केंद्रीय नाही की विकेंद्रितही नाही. पुढच्या काही वर्षांत नियम, निविदा आणि ॲप तयार होत असताना ही मागणी ज्यांनी करायची, त्यांच्या हाती ती नेमक्या शब्दांत मांडण्याची साधने द्यावीत, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.